एक जूनचा वैरी

आमच्या गुरुजींसमोर ‘एक जून’ हे दोन शब्द उच्चारायची सोय नव्हती. कुणी चुकून बोललंच तर ते हातातला खडू खाली ठेवत, टोपी काढून टेबलावर ठेवत, आणि मग जे सुरू होई ते मधल्या सुट्टीची घंटा होईपर्यंत थांबत नसे. दर वर्षी नवं कॅलेंडर घरात आलं की खिळ्याला टांगायच्या आधी ते दाढीच्या ब्लेडने जून महिन्यातला पहिला चौकोन कापून काढत. पानाच्या मागे राशिभविष्य असायचं आणि बाईंची, म्हणजे गुरुजींच्या बायकोची, रास नेमकी त्या भोकात जायची. “लग्न झाल्यापास्नं ह्यांनी माझं भविष्यच कापून टाकलंय,” असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

ह्या वैराचं कारण साधं होतं. आमच्या पाथर्डीकडच्या कुठल्याही जुन्या शाळेचं रजिस्टर उघडा, निम्मी पोरं एक जूनला जन्मलेली सापडतील. आई पोराला घेऊन शाळेत यायची, जन्मतारीख विचारली की गप्प व्हायची, आणि मास्तर एक जून लिहून मोकळे व्हायचे. शाळा जूनमध्ये उघडते, तेव्हा सहा वर्षं पूर्ण दाखवली की नाव घालता येतं. कुणाचं काही अडत नाही. गुरुजींचं मात्र अडायचं. “आख्खा तालुका येकाच दिवशी बाळंत झाला व्हय?” ते विचारायचे. “सुईनी तरी पुरल्या का तेवढ्या?”

म्हणून आमच्या शाळेत नाव घालायचं म्हणजे आईची उलटतपासणी असायची. गुरुजींच्या खुर्चीमागे तीसेक वर्षांची पंचांगं सुतळीने बांधून टांगलेली होती. माझे वडील गावात पिठाची गिरणी चालवायचे, आमचं घर शाळेच्या समोरच. तरी माझ्या आईलाही सवलत मिळाली नाही.

“बाजरी कुठवर आल्ती?”

“कणसात हुती.”

“पोळा झाल्ता का व्हायचा हुता?”

“झाल्ता.”

“चंद्र केवढा हुता?”

“गुरुजी, मला कळा चालू हुत्या. मी चंद्र कशाला बघू?”

“तुमी न्हाई बघितला, पन सुईन बाहेर पानी आनाया गेलीच आसंल. तिनं बघितला आसंल,” म्हणून त्यांनी सुईणीला बोलावणं धाडलं. माझी जन्मतारीख अशी तिघांनी मिळून काढलेली आहे. पुढे आईला ट्रंकेच्या तळाशी माझं लशीचं कार्ड सापडलं, त्यावर तीच तारीख होती. आई ते कार्ड घेऊन कौतुकाने शाळेत गेली, तर गुरुजींनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“वय आईला इचारायचं आसतं,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. “तोंड बघून वय सांगतो तो बैलबाजारातला दलाल.”

त्यांची दुसरी खोड म्हणजे ते सगळ्यांना ‘तुमी’ म्हणत. पहिलीतल्या शेंबड्या पोरालाही. रागावले की तर फारच अदबीने बोलत. “अवो दादासाहेब, आपन गाढव हाय,” असं त्यांनी म्हटलं की वर्गातल्या कुणालाच हसायचं का भ्यायचं ते कळत नसे. वय बघून मान द्यायचा तर आधी मारुतीसमोरच्या वडाला द्यावा लागेल, असं त्यांचं म्हणणं. शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला यायचे, त्यांनाही तेच ‘तुमी’, त्याहून वर नाही आणि खाली नाही. एकदा एक साहेब चहा पिता पिता म्हणाले, “कशाला एवढी यातायात करता गुरुजी? एक जून टाकायचं की.” गुरुजींनी टोपी काढली. साहेबांचा चहा निवून गेला. त्या वर्षी तपासणीच्या वहीत शेरा आला, ‘मुख्याध्यापक हेकेखोर आहेत.’ गुरुजींनी तो फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहिला आणि वर्षभर कुणाला पुसू दिला नाही.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्यांच्यापुढे शीतल आली. सहाएक वर्षांची, काडीसारखी पोर, आईच्या पदराआड. आई म्हणाली, “फडात झालीय. थंडीची. कवा ते न्हाई सांगता यायचं.” फडात म्हणजे श्रीगोंद्याकडे, ऊसतोडीला. आमचं निम्मं गाव दिवाळी झाली की तिकडे जातं आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततं. तिथे पोळा नाही की सुईण नाही, आणि ऊस रोज सारखाच. गुरुजींनी दोन तास घेतले. शेवटी ती बाई म्हणाली, “त्या दिशी गव्हान मोडली हुती. कारखाना बंद पडला म्हनून मुकादमानं बाया सोडल्या, न्हाईतर मी कोपीवर तरी कशी गेले आसते?”

गव्हाण म्हणजे कारखान्यात ऊस ओढून नेणारा पट्टा, आणि कोपी म्हणजे फडाजवळची पाचटाची, उसाच्या वाळक्या पानांची, झोपडी. गुरुजींनी त्याच दिवशी कारखान्याला पोस्टकार्ड लिहिलं: सहा वर्षांमागे हिवाळ्यात आपली गव्हाण कोणत्या तारखेस मोडली ते कळवावे, एका विद्यार्थिनीच्या जन्माचा प्रश्न आहे. उत्तर आलं नाही. दुसरं कार्ड लिहिलं. मग एक दिवस रजा टाकून ते एसटीने स्वतःच गेले, कारखान्याच्या टाइमकीपरकडे जुन्या वह्या काढायला लावल्या आणि तारीख उतरवून आणली. पौषातली निघाली. साऱ्या जिल्ह्यात त्या पोरीइतकी पक्की जन्मतारीख कुणाची नसेल.

मी तेव्हा पुण्यात कॉलेजात होते. ही गव्हाणीची गोष्ट मी मैत्रिणींना सांगून पोट धरधरून हसवायचे. पुढे शिकून कामाला लागले ती मात्र नेमकी दलालांच्याच पेढीवर.

आमची कंपनी फोनच्या कॅमेऱ्यातून चेहरा बघून वय सांगणारं मशिन बनवायची. अठराच्या आतल्या मुलांनी इंटरनेटवर नको ते बघू नये, त्यांना कुणी फसवू नये, म्हणून प्रत्येक ॲपच्या दारात हे मशिन बसवायचं. हेतू वाईट आहे असं मी आजही म्हणणार नाही. मला एक मुलगी आहे आणि तिच्या हातातल्या फोनची मला धास्ती वाटते. पण मी होते धोरण विभागात. मशिन बनवणारे वेगळे. मशिन विकत घ्यावंच लागेल असा नियम व्हावा, हे बघणं आमचं काम.

ते कसं करतात हे सांगते, कारण बाहेर कुणाला माहीत नसतं. नियम करणाऱ्या अधिकाऱ्यांना ह्या विषयातलं फारसं कळत नाही, मग ते जाणकारांना विचारतात. जाणकार कोण, तर आम्ही. कुलूप किती मोठं हवं हे कुलूपवाल्यालाच विचारायचं. टिपणं आम्ही लिहायचो. मोठ्या हॉटेलात परिषद भरवायचो, भिंतीवर निरागस मुलांचे दाराएवढे फोटो लावायचो. पालकांची एक संघटना कडक नियमांची मागणी करायची. तिची पत्रकं आमच्याच विभागात तयार व्हायची, त्यांचं मराठी मी करायचे. वर्तमानपत्रात छापून यायचं की पालक संतापले आहेत, आणि मी चहा पिता पिता माझीच वाक्यं वाचायचे.

आमचे साहेब म्हणायचे, “शंका हाच आपला धंदा.” चेहरा एकदा तपासायचा. शंका आली की कागद तपासायचे. तरी शंका उरली की आईबापांना विचारायचं, आणि मग ते आईबापच आहेत का हे तपासायचं. प्रत्येक तपासणी आमचीच. म्हणून टिपणात एक वाक्य पक्कं बसवायचं होतं, ते मी लिहून दिलं: ‘वयाविषयी शंका असल्यास वापरकर्ता अल्पवयीन आहे असे समजावे व पालकाची संमती घ्यावी.’ साहेबांना ते फार आवडलं. मलाही आवडलं होतं, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

अडचण एकच होती. मशिनला खेड्यातले चेहरे ठाऊक नव्हते. दिल्लीच्या बैठकीत कुणी तसं विचारलं तर काय, म्हणून खरं वय माहीत असलेली खेड्यातली मुलं हवी होती, आणि खेड्यात खरं वय कुठे मिळतं? मी हात वर केला. मला एक शाळा माहीत होती.

डिसेंबरात मी गावी गेले. गुरुजी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण नाव घालायच्या दिवसांत ते अजून शाळेत जाऊन बसायचे. नवे मास्तर त्यांना भिऊन होते, त्यामुळे रजिस्टर शेवटच्या पानापर्यंत खरं होतं. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. मुलांच्या भल्यासाठी आहे, मी म्हणाले. त्यांनी एकच विचारलं, “ह्यानं कुनाचं वय चुकनार न्हाई ना?”

“नाही गुरुजी. उलट तुमच्यामुळे बरोबर येईल.”

“मंग घ्या. पन आता फोटू कुनाचं काढनार? निम्मं गाव फडात हाय. पाडव्यानंतर या, तवा समदी पोरं आसत्यात.”

मी म्हणाले, जानेवारीत बैठक आहे. “मंग बैठक म्होरं ढकला,” ते म्हणाले, इतक्या सहज की मला हसूच आलं. दिल्लीतली बैठक आमच्या गावच्या कोपी उठेपर्यंत थांबवायची! मी गावात उरलेल्या पोरांचे फोटो काढले. ज्यांच्या घरी विहीर आहे, दुकान आहे, निदान मागे सांभाळायला कुणी आहे, तीच पोरं गावात उरतात. त्यांना बिस्किटाचे पुडे वाटले आणि टिपणात लिहिलं, ‘ग्रामीण मुलांवरील चाचणी पूर्ण.’ हे वाक्यही माझंच.

दोन वर्षांनी शीतल बारावी झाली. उशिरा, कारण दर हंगामाला शाळा बुडायची. एकोणीस पूर्ण झाली होती. बापाने तिला फडात बोलावून घेतलं आणि टोळीतल्याच एका मुलाशी लग्न ठरवलं. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात आणि एकट्या माणसाला अर्धा. अर्ध्या कोयत्याला कुणी विचारत नाही. त्या मुलाचा अर्धा पुरा करायला शीतल हवी होती. ती एका सकाळी कोपीवरून निघाली आणि दोन एसट्या बदलून गुरुजींच्या दारात येऊन उभी राहिली. “मला नर्स व्हायचंय,” म्हणाली. गुरुजींनी विचारलं नर्सच का, तर म्हणाली, “मला फडात बाळंत व्हायचं न्हाई. दुसऱ्या कुनी झालेलं बी चालायचं न्हाई.”

गुरुजींनी तिला नगरला मुलींच्या वसतिगृहात ठेवलं. बाप शोधत आला, तेव्हा जन्मात एक खोटी तारीख न लिहिलेला हा माणूस त्याच्या तोंडावर म्हणाला, “मला ठावं न्हाई.” गुरुजींच्या बाई सांगायच्या, त्यानंतर दोन दिवस त्यांना घास गेला नाही.

शीतल फोनवर अभ्यास करायची. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेणारं एक ॲप होतं, फॉर्मही त्यातूनच भरता यायचा. नियम अजून झाला नव्हता, पण होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्या ॲपने आमचं मशिन आधीच बसवून घेतलं होतं. फॉर्मची मुदत संपायला चार दिवस राहिले होते. मशिनने शीतलचा चेहरा बघितला. लहानपणी पोटभर न मिळालेली बारीक हाडाची पोर. अंदाजे वय पंधरा, म्हणालं. असे चेहरे त्याने कधी बघितलेच नव्हते, कारण मी फोटो काढायला गेले तेव्हा ते फडात होते. मग त्याने कागद मागितले. शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी काढलेली तारीख होती. तिच्या सरकारी ओळखीच्या कार्डावर एक जानेवारी होती. फडाजवळच्या कुठल्याशा शिबिरात ते काढलं होतं आणि तिथल्या माणसाची एक जून म्हणजे एक जानेवारी, एवढाच फरक. दोन्ही तारखांनी पोर अठराच्या पुढची होती. पण दोन तारखा जुळत नव्हत्या. न जुळणं म्हणजे शंका, आणि शंका म्हणजे माझं वाक्य.

कार्डाला जोडलेला फोन नंबर बापाचा होता. त्याच्या फोनवर मेसेज गेला: ‘आपली अल्पवयीन पाल्य शीतल हिने नर्सिंग प्रवेश, अहिल्यानगर केंद्र, यासाठी नोंदणी केली आहे. कृपया संमती द्या.’ ती कुठे आहे हे बापाला सहा महिने कळलं नव्हतं. ते आम्ही त्याला फुकटात कळवलं.

बाप काही राक्षस नव्हता. त्याला वाचता येत नव्हतं, मुकादमाच्या पोराने वाचून दाखवलं. तो चार माणसं घेऊन जीपने नगरला गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याला वसतिगृह सापडलं. तिथल्या वॉर्डनबाई आधी शीतलच्या पुढे उभ्या राहिल्या, मुलगी सज्ञान आहे म्हणाल्या. बापाने फोन पुढे केला. “ह्यात काय लिव्हलंय बगा. कंपनीच म्हनती ती लहान हाय. मी बाप हाय तिचा.” वॉर्डनबाईंनी ‘अल्पवयीन’ हा शब्द वाचला आणि त्या बाजूला झाल्या. उद्या लहान मुलगी पळवून ठेवल्याचा ठपका यायचा. त्यांनी शीतलला त्याच्या ताब्यात दिलं.

गुरुजींनी मला फोन केला तेव्हा मी ऑफिसात होते. त्यांनी आवाज चढवला नाही. काय काय झालं ते सांगितलं आणि म्हणाले, “तुमच्या मशिनला सांगा, ती येकुनीस वर्साची हाय. मी सवता जाऊन तारीख आनलीय.” मी साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, एकेका केसमध्ये पडायचं नसतं, तक्रार टाकायला सांग, सात दिवसांत उत्तर येतं. मुदतीचे दोन दिवस उरले होते. मी म्हणाले, शंका आली म्हणून मुलगी लहान कशी धरता? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “अगं, वाक्य तुझंच आहे.”

फॉर्म राहिला. लग्न पंधरा दिवसांवर आलं. गुरुजी शाळेचं रजिस्टर पिशवीत घालून आणि मी काढून दिलेली मेसेजची छापील प्रत घेऊन सरकारी कचेरीत गेले. म्हणाले, ही मुलगी लहान आहे असं ह्या कागदावर लिहिलंय, तर लग्न थांबवा. तिथल्या बाई भल्या होत्या. त्यांनी रजिस्टर उघडलं. “गुरुजी, तुमच्याच अक्षरात आहे. एकोणीस पूर्ण. मी कसं थांबवू?”

“सज्ञान हाय तर तिला सोडवा.”

दोन दिवसांनी त्याच बाईंनी सांगितलं, “आम्ही माणूस पाठवून तिला विचारलं. माझी मर्जी आहे म्हणाली.” विचारलं तेव्हा बाप शेजारी उभा होता. लग्न ठरल्या दिवशी झालं.

मशिनच्या हिशेबाने ती लहान, म्हणून बापाची. रजिस्टरच्या हिशेबाने मोठी, म्हणून नवऱ्याची. तिची स्वतःची ती कुठल्याच कागदाने झाली नाही. आणि ह्याला आम्ही सुरक्षा म्हणत होतो, हॉटेलात, फोटोंखाली उभं राहून.

त्या कचेरीत गुरुजींना एक वाट मोकळी होती. एवढंच म्हणायचं, बाई, ही तारीख मी अंदाजाने टाकली, आमच्याकडे असंच करतात. शंका आली असती, चौकशी लागली असती, लग्न निदान लांबलं असतं. ते त्यांना सुचलं नाही असं नाही. मला नंतर म्हणाले, “तोंडावर आलं हुतं. पन तिच्यासाठी मागं येकदा खोटं बोललो हुतो, आता जीभच वळंना. माझ्या खरेपनापायी पोर गेली.” हे सांगताना ते रडले नाहीत, माझ्याकडे मात्र बघत नव्हते. मला इतका संताप आला की काय सांगू. ज्याने दोन कार्डं लिहून, एसटीचा धक्का खाऊन एका पोरीची तारीख खरी केली, तो स्वतःला दोष देत बसला होता. आणि ज्यांनी डिसेंबरात चार फोटो काढून देशभरच्या मुलांचं वय ठरवलं, ते बढत्या घेत होते. मी नोकरी सोडली. त्याने कुणाचं काहीच बिघडलं नाही, पुढच्याच आठवड्यात माझ्या जागी दुसरी मुलगी आली.

मग नियमाचा मसुदा निघाला आणि लोकांच्या हरकती मागवल्या. गुरुजींनी एकवीस पानं हाताने लिहिली. पहिलं वाक्य होतं, ‘नियम करणाऱ्यांनी आधी पाडव्यानंतर आमच्या गावी यावे.’ पण हरकत ऑनलाइनच द्यायची होती आणि तीही पाचशे अक्षरांत. मी त्यांच्यासमोर बसून एकवीस पानांच्या चार ओळी केल्या. पुढे नियम झाला. माझं वाक्य त्यात जसंच्या तसं आहे. फक्त ‘समजावे’चं ‘गृहीत धरण्यात यावे’ केलंय, म्हणजे कुणीतरी वाचलं होतं म्हणायचं.

ह्या वर्षी पाडव्यानंतर मी गावी गेले. गुरुजींच्या ओसरीवर बसले होते तर एक बाई आत आली. मी ओळखलं नाही. चेहरा रापून काळवंडलेला, गालफडं वर आलेली, हाताला पाचटाचे चरे, एका बोटाला चिंधी. “वळखलं न्हाई व्हय ताई? मी शीतल.” पूर्ण हंगाम तोडून टोळी आदल्या दिवशी परतली होती.

“फॉर्म सुटलेत ना?” तिने खाली बसायच्या आधी विचारलं.

“घरी सांगितलंस?” मी म्हणाले.

“नवऱ्याला सांगितलंय. व्हय बी म्हनला न्हाई आन न्हाई बी म्हनला न्हाई. त्यो बी दमलाय.”

मी तयारीनेच गेले होते. गुरुजींचं ॲफिडेव्हिट, दाखला, कार्ड दुरुस्तीचा अर्ज, वकिलाचं पत्र, सगळी फाईल. ह्या वेळी मशिनने पंधरा म्हटलं तर कुठे कुठे भांडायचं ते मी पाठ केलं होतं. गुरुजींच्या बाईंनी दार लोटून घेतलं. गुरुजी खुर्ची सरकवून जवळ आले. शीतलने पदर सारखा केला आणि फोनसमोर चेहरा धरला.

दोन-तीन सेकंद लागले असतील. हिरवी खूण आली. अंदाजे वय अठ्ठावीस. ॲपमध्ये प्रवेश मंजूर. कागद मागितले नाहीत, काही नाही. फाईल माझ्या मांडीवर तशीच राहिली.

“किती म्हनला?” गुरुजींनी विचारलं.

मी सांगितलं.

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. “विसाची हाय ती,” ते म्हणाले. “गेल्या साली पंधरा म्हनला हुता. येका हंगामात तेरा वरसं.” मग ते उठले आणि परसात जाऊन पाठमोरे उभे राहिले.

शीतल अजून फोनकडेच बघत होती. “ताई, आता बापाला मेसेज न्हाई ना जायचा?”

“नाही जायचा.”

“मंग बरंच झालं म्हनायचं,” ती म्हणाली, “लवकर म्हातारी झाले ते.” आणि फॉर्म भरायला लागली.